पांढऱ्या रक्ताचा मासा आणि बेसिंगस्टोकचं स्थळ

कार्डिफ, रविवार, १८ जून २००६

नागपूरहून मुलीकडे, मालविकेकडे, येऊन दोन आठवडे झाले. आज आमटी वाढता वाढता तिनं सांगितलं की तिला अंटार्क्टिकाला बोलावलंय. दीड वर्षासाठी. मी म्हटलं, "मीठ कमी आहे." त्या क्षणी दुसरं काही सुचलंच नाही, आणि मीठ खरंच कमी होतं.

नंतर सुचलं ते सगळं बोललो. एकतीस वर्षांची मुलगी, लग्न नाही, आणि निघाली पृथ्वीच्या बुडाला! कशासाठी? तर मासे बघायला. मासे काय नागपूरला तेलंगखेडीच्या तलावात नाहीत?

बोलावणाऱ्या प्रोफेसरांना तिनं अजून हो म्हटलेलं नाही. ऑगस्टअखेरपर्यंत सांगायचं आहे. म्हणजे मला अडीच महिने मिळाले. हिची आई, आशा, असती तर हा विषय तिनं नुसते डोळे वटारून संपवला असता. पण तिला जाऊन दोन वर्षं झाली, आणि माझ्या डोळ्यांना ही पोर कधीच घाबरली नाही.

बुधवार, २१ जून

आज तिनं माशाचा फोटो दाखवला. देवानं दिवसाच्या शेवटी उरलंसुरलं सामान वापरून केलेला दिसतो. मगरीसारखं तोंड, अंगावर खवले नाहीत, आणि रक्त पांढरं! म्हणजे पाण्यासारखं. तांबड्या पेशीच नाहीत त्याच्या रक्तात. अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र सोडला तर हे खानदान जवळजवळ कुठेच नाही. एक चुलत भाऊ तेवढा दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी राहतो म्हणे. पाणी इतकं थंड की प्राणवायू त्यात आपोआप भरपूर विरघळतो, म्हणून याला तांबड्या रक्ताची गरज पडली नाही. पण समुद्र दोन-चार अंशांनी तापला तर हा गुदमरणार. हिवाळ्यात तो कसा तग धरतो ते बघायचं, म्हणून हिवाळाभर तिथे राहायचं, बर्फाला भोक पाडायचं आणि खाली उतरायचं.

मी म्हटलं, "काय करून राहिली तू हे? आपल्या घरात सात पिढ्यांत मासा शिरला नाही. तू स्वतः अंडं खात नाहीस."

"खायचा नाहीये, बाबा. समजून घ्यायचाय."

"आणि तिथे तुला काही झालं तर? हिवाळ्यात विमान येत नाही म्हणतेस."

"मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत काहीच येत नाही. पण मला काय होणार? डॉक्टर असतो तिथे. तुम्हाला काही झालं तर मी येऊ शकणार नाही, त्याचं काय?"

विषय बदलण्यात ही थेट आईवर गेली आहे. वर विचारते, नागपूरला संध्याकाळी जेवता का? मी म्हटलं, खातो काहीतरी. तर म्हणाली, "मीनलकाकू म्हणाली, चहा-बिस्किटं." शेजारच्या मीनलला नाक खुपसायची सवय आहे. प्रश्न अंटार्क्टिकाचा आहे, माझ्या बिस्किटांचा नाही.

रविवार, २ जुलै

सकाळी दाढी करताना उपाय सुचला. आजवर आपण हिच्यासाठी आपल्यातलीच स्थळं बघत आलो. तीच चूक. वरण-भातवाल्यांना माशांवर जीव टाकणारी मुलगी कशी समजणार? माशांच्या घरात दिली की प्रश्न मिटला. सारस्वत! किंवा सीकेपी. त्यांना तिच्या कामाची कदर असणार, आणि समुद्र बघायचाच तर सासरी बघेल.

लगेच पुण्याला भाच्याला, अतुलला फोन केला. तो हसला. का हसला कोण जाणे. पण स्थळ त्यानं दिलं. यतीन, बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये. वडील नाहीत. आई शशीताई, बँकेतून निवृत्त, पार्ल्याच्या. सध्या सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या आहेत. अतुलला बजावलं, मुलगी माशांतली डॉक्टर आहे हे ठळक सांग.

बुधवार, १९ जुलै

इंग्लंडात म्हणे शंभर वर्षांत असा जुलै नाही. पारा पस्तीसच्या आसपास, आणि टीव्हीवर रडारड. नागपुरात यात आम्ही स्वेटर शोधतो. मालविका मात्र तोंड पाडून बसली होती. तिला या उन्हात तिचे मासे दिसतात.

शनिवारी यतीन आणि त्याची आई येताहेत. तिनं "बरं" म्हटलं. भांडली नाही. मी याला शुभशकुन समजतो.

शनिवार, २२ जुलै

काय दिवस गेला! जसा झाला तसा लिहून ठेवतो.

बारा वाजता मंडळी आली. यतीन शांत मुलगा, उंच, नीटनेटका. मागोमाग शशीताई, हातात बर्फ भरलेला मोठा डबा. मला वाटलं आइस्क्रीम. बाईंनी सरळ स्वयंपाकघर गाठलं, डबा सिंकमध्ये उपडा केला आणि म्हणाल्या, "पापलेटं मिळाली नशिबानं. म्हटलं, मुलगी माशांतली डॉक्टर, रिकाम्या हातानं कसं जायचं? विळी कुठाय?"

आशेच्या फोटोसमोर, आमच्या सिंकमध्ये, चार मासे!  पोहे झाकून ठेवले होते ते झाकलेलेच राहिले.

मालविका म्हणाली, "विळी नाहीये, पण थांबा." आणि तिनं आपल्या बॅगेतली ती बारीक सुरी काढून पापलेट असं उघडलं की शशीताई बघत राहिल्या. डोक्यातून खड्यासारखं काहीतरी काढून उजेडात धरलं आणि म्हणाली, "हा कानातला दगड. यावर झाडासारखी वर्तुळं असतात, वय कळतं."

"पन्नास वर्षं मासे खाल्ले," शशीताई म्हणाल्या, "पण कधी कुणाचं वय नाही विचारलं. आता मीठ-हळद लाव बघू."

"मला नाही येत. मी मासे खात नाही ना."

शशीताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कुठल्या तरी खड्यावर शेंदूर फासून देव म्हणून विकलाय. "अहो कमलाकरराव, अतुल तर म्हणाला माशांतली डॉक्टर!"

"डॉक्टर रोग्याला खातो का?" मी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, झालं. पण बाई खो खो हसल्या. मालविकाही.

मग मालविकेनं त्यांना आपल्या माशाचा फोटो दाखवला. शशीताईंनी चष्मा लावला, तोंड वाकडं केलं. "शिळा आहे."

"जिवंत होता तेव्हाचा फोटो आहे, काकू."

"मला शिकवू नकोस. कल्ले बघ. पांढरेफटक! ताज्या माशाचे कल्ले लालभडक हवेत. हा मासा मला कुणी विकला असता तर मी बाजार डोक्यावर घेतला असता."

आमची पोर इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. आशा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग टेबलाशी बसून तिनं बाईंना सगळं समजावलं. लाल रंग हा रक्तातल्या पेशींचा, याच्यात त्या नाहीतच, म्हणून कल्ले पांढरे. रक्त पातळ म्हणून हृदय इतर माशांच्या कितीतरी पट मोठं. यांच्यातल्या काही जातींत बाप महिनोन् महिने अंडी राखत बसतो.

"आणि आई?" शशीताई.

"आई निघून जाते."

मग शशीताईंनी पापलेटं तळली. मी मागच्या अंगणात उपाशी बसलो. यतीनही अंगणातच होता, फोनवर. शनिवार असून ऑफिसचे चार फोन आले, आणि दर वेळी मुलगा कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात हसून बोलत होता. वरिष्ठांशी असं बोलायला जमणं सोपं नाही. कर्तबगार आहे.

सोमवार, २४ जुलै

घराला अजून वास. उदबत्तीचा पुडा संपला.

मालविकेला विचारलं, मुलगा कसा वाटला? म्हणाली, "चांगला आहे. अजून विचार करतोय आम्ही. तुम्ही मात्र शशीकाकूंकडे जाऊन या, त्यांनी बोलावलंय." गाडी रुळावर येत आहे. प्रोफेसरांना अजून हो म्हणालेली नाही, तेही विचारून घेतलं.

शनिवार, ५ ऑगस्ट, बेसिंगस्टोकहून परतताना

मालविकेला काम होतं म्हणून मी एकटाच गेलो. यतीनलाही ऑफिसचं काम निघालं. सकाळीच सेंट मारून गेला.

म्हणजे दिवसभर मी आणि शशीताई. ही बाई बोलायची थांबत नाही. पार्ल्याचं राजकारण, बँकेतल्या भानगडी, नागपूरकर वरणात गूळ घालत नाहीत याबद्दल माझी कानउघाडणी. मी म्हटलं, वरण म्हणजे काय पक्वान्न आहे? त्यावर तासभर वाद. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी वेगळी कढई आणलीय, माशाचा हात न लागलेली." मी म्हटलं, नव्या कढईत भाजीला चव येत नाही. तर म्हणाल्या, "मग सारखी सारखी वापरावी लागेल." 

तीन वेळा भात घेतला, केवळ वाद टाळण्यासाठी.

मग त्या म्हणाल्या की तुमची मुलगी उगाच रक्त नसलेल्या माशापायी जीव धोक्यात घालते आहे. मला राग आला. मी म्हटलं, "रक्त नाही असं कोण म्हणतं? रंग नाही. आणि त्याच्या अंगात बर्फ होऊ न देणारं द्रव्य असतं, आहे तुमच्या सुरमईत?" पाऊण तास समजावलं. कागदावर हृदय काढून दाखवलं. बाईंच्या शेवटी लक्षात आलं असावं, कारण त्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

परतीच्या गाडीत वाटलं, आपण नेमके कुणाच्या बाजूनं बोललो?

मंगळवार, १५ ऑगस्ट

मालविकेशी कडाक्याचं भांडण. मी म्हटलं, यतीनला हो म्हण आणि प्रोफेसरांना नाही म्हण. ती म्हणाली, "प्रोफेसरांना मी नाहीच म्हणणार आहे बहुतेक. खूश?"

व्हायला हवं होतं खूश. पण ती हे म्हणाली आणि वर जाऊन दार लावून बसली, ते संध्याकाळपर्यंत. मी चहा नेला. डोळे सुजलेले. विचारलं, मग रडतेस कशाला? म्हणाली, "तुम्ही नागपूरला एकटे भिंतीकडे बघत बसाल, आणि मी बर्फाखाली बसून तेच बघत बसेन. नाही जमणार, बाबा."

मी म्हटलं, भिंतीकडे कोण बघतं? टीव्ही आहे. मुलींना युक्तिवाद येत नाही तेव्हा त्या बापाला मध्ये ओढतात.

रविवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. टेबलावर एवढीशी मूर्ती, मागे मालविकेनं निळा कागद लावला. शशीताई काल रात्रीच मुलासह आल्या. गणपती आहेत तोवर मासा बंद, हे त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं, जणू माझ्यावर उपकार.

सकाळी मोदकांवरून युद्ध. आमच्याकडे तळणीचे. त्या म्हणाल्या, तळलेला मोदक म्हणजे करंजीची चुलत बहीण, गणपतीला उकडीचेच लागतात. मी म्हटलं, गणपतीनं तुम्हाला फोन केला होता का? शेवटी दोन्ही केले. माझ्या पाऱ्या जाड, त्यांची उकड फाटलेली. त्या मला हसल्या, मी त्यांना हसलो. पीठ माझ्या चष्म्यावर, आणि त्यांच्या कपाळावर. मी उकडीचे पाच खाल्ले, पण आवडले असं म्हटलं नाही.

मालविका दाराला टेकून उभी होती, हातात दुर्वा तशाच. मी म्हटलं, "बघतेस काय? आरतीला उशीर होतोय." ती म्हणाली, "काही नाही, बाबा." पण बघतच राहिली. आरती झाल्यावर ती आणि यतीन अंगणात बराच वेळ बोलत होते, हसत होते, आणि दोघंही खिडकीतून आमच्याकडे बघत होते. मला वाटतं, ठरलं.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

तिनं प्रोफेसरांना हो सांगितलं.

हो! यतीनला नाही, प्रोफेसरांना! परवापर्यंत नाही म्हणणारी पोर. मी म्हटलं, असं काय घडलं चार दिवसांत? म्हणाली, "मोदक." मी कपाळाला हात लावला. शास्त्रज्ञ म्हणवता आणि मोदकावरून आयुष्याचे निर्णय घेता!

ओरडलो खूप. मग ओरडणं संपलं आणि खाली खुर्चीत बसून राहिलो. इथे कोणी वाचणारं नाही, म्हणून लिहितो. मला भीती वाटते. बर्फाखाली माझी मुलगी असेल आणि वर मी कुणाला हाका मारणार? ज्या दिवशी आशा गेली त्या दिवशी मालविका विमान पकडून चोवीस तासांत पोचली होती. घरात शिरून तिनं पहिल्यांदा माझ्यासाठी भात टाकला. आता मला काही झालं तर ती नसेल, आणि तिला काही झालं तर मी नसेन. एवढंच आहे. बाकीचं सगळं मी उगाच बोलतो.

रविवार, ३ सप्टेंबर

शशीताईंचा फोन. यतीननं सांगितलं म्हणे, त्याच्या ऑफिसात हेलन नावाची मुलगी आहे, दीड वर्ष झालं. मालविकेला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! म्हणजे ही दोघं सहा आठवडे "विचार करतोय" म्हणून आम्हाला इकडून तिकडे नाचवत होती. कशासाठी? यात त्यांचा काय फायदा? ताकाला जाऊन भांडं लपवायचं कारण काय?

शशीताई रडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "हेलन मासे खाते, तेवढं पुरे." मग म्हणाल्या, "म्हणजे आता तुमचं येणं बंद?"

मी म्हटलं, येऊन करायचं काय, सोयरीक तर फिसकटली. त्या गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं. म्हणून मग मीच म्हटलं, बुधवारी येतो, या कारट्यांबद्दल सविस्तर बोलायला हवं.

शनिवार, १६ सप्टेंबर

इथल्या महाराष्ट्र मंडळाचं स्नेहसंमेलन. शशीताईही बेसिंगस्टोकहून आल्या होत्या. राजीव म्हणून कुणी कर सल्लागार आहेत, त्यांनी मालविकेचं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "पांढऱ्या अस्वलांपासून जपा हं!"

मी म्हटलं, "अहो, अस्वलं वरच्या टोकाला. खालच्या टोकाला पेंग्विन. त्यांची कधी गाठही पडत नाही." मग ओघात आलंच म्हणून माशाचं सांगितलं. तेही थोडक्यात, अर्धा तास. शशीताई मध्ये मध्ये माझ्या चुका दुरुस्त करत होत्या. ज्या बाईनं जुलैत त्याला शिळा म्हटलं होतं, ती मला हृदयाचा आकार शिकवते!

घरी येताना मालविकेनं माझा हात धरला होता. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. "बाबा, माझ्या प्रोफेसरांपेक्षा छान सांगता तुम्ही." उगाच लाडीगोडी.

शनिवार, २८ ऑक्टोबर

पोर गेली.

आधी फॉकलंडपर्यंत विमान, मग जहाज. कार्डिफ स्टेशनवर मी तिला सोळा सूचना द्यायच्या ठरवल्या होत्या, त्यातली एकही आठवली नाही. शशीताईंनी तिच्या पिशवीत डिंकाचे लाडू कोंबले. मालविकेनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, बाबांकडे लक्ष ठेवा." मी म्हटलं, मी काय सामान आहे? दोघींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गाडी हलल्यावर मी रडलो, चारचौघांत. लाज वाटली नाही. शशीताईंनी माझी छत्री स्वतःकडे घेतली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिल्या.

शनिवार, १८ नोव्हेंबर, बेसिंगस्टोक

उद्या हीथ्रोहून निघायचं. मालविका जाण्यापूर्वी माझं तिकीट काढून गेली होती, ते गेल्या आठवड्यात नीट बघितलं, तर शशीताईंच्याच विमानाचं, आणि जागा शेजारी शेजारी! म्हणून आठवडाभर आधीच इथे मुक्काम. त्यांनी माझी बॅग उघडून पुन्हा भरली. माझे सदरे आता कुठे आहेत ते फक्त त्यांना आणि देवाला माहीत. शिवाय मुंबईत उतरल्यावर मी आठवडाभर पार्ल्यात राहायचं, डोळे दाखवायचे, असं परस्पर ठरलंय. नागपुरात डोळ्यांचे डॉक्टर नाहीत का?

दुपारी मालविकेचा फॉकलंडहून फोन आला; तीन आठवडे अडकलेलं जहाज आज निघणार, त्यावर चढण्यापूर्वीचा. यापुढे फोन क्वचित, आणि तोही घाईघाईचा. मी तिला बॅगेचं सांगितलं. पार्ल्याचं सांगितलं. इथे सकाळी चहात आलं जास्त पडतं, रात्री मला जबरदस्तीनं जेवायला बसवतात आणि वर भाकरी कशी मोडायची ते शिकवतात, तेही सांगितलं. बोलता बोलता वेळ संपत आली आणि लक्षात आलं की पोरीला साधं "जपून राहा" म्हणायचं राहिलंय. ते म्हटलं. तिकडून हुंदका आला की हसू, कळलं नाही. वारा फार होता.

"बाबा," ती म्हणाली, "आता मला काळजी नाही."

कसली काळजी, हे विचारणार तोच लाइन गेली. शशीताईंना विचारावं म्हटलं, तर त्या खालून ओरडल्या, चहा गार होतोय, आणि उद्या खिडकीची जागा माझी आहे हं.